तुया बायकोचा डबा

दोस्त कोलू,

सेवा जोहार अन् सलाम, दोन्ही पाठवून राह्यलो, जे आधी पोचन ते ठेवून घे. तब्येतीचं मंग इचारतो, पहिले एक गोष्ट कबूल करून टाकतो म्हंजे माया हात हलका होईन: तुया बायकोचा डबा मी रोज दुसऱ्या बाईले खाऊ घालून राह्यलो. आता चायचा ग्लास खाली ठेव अन् पुरं वाच. मधातच सोडून ट्रकवर चढशील तर तुले वाटन का अकरमनं सोमारीले उपाशी मारलं. तसं काई नाई. सोमारी बरी आहे, तुई पोरगी बरी आहे, रडते बी तुयासारखीच, नाकातून. तुई तब्येत कशी आहे? बांबू चढवून चढवून खांदा उतरला का आहे जाग्यावर? ड्रायव्हर अजून शिव्या देते का? इकडे थंडी लय आहे. अब्बाच्या दुकानात पंक्चरचं सोल्युशन सकाळी निघतच नाई नळीतून, अन् मी दहावीले आखरी डाव बसनार आहे असं अब्बाले वाटते. वाटू दे.

एक गोष्ट अजून, मंग मुद्द्यावर येतो. तुया ट्रक पंधरा दिवसाआधी इथच्या नाक्यावरून गेला. थांबला नाई. चक्कीवाल्यानं तुले क्लीनरच्या बाजूनं बसलेला पाह्यला अन् येऊन सांगतलं, अन् सांगतलं ते कुठी, तर दवाखान्यात सोमारीच्या पलंगाजवळ उभं राहून. ड्रायव्हरनं थांबवला नसन, मले समजते. पन तिले काय सांगू? त्या दिवसापासून जेवन बंद झालं तिचं, अन् इथूनच माया गुन्हा सुरू होते, म्हंजे अर्धा गुन्हा तुयाच आहे.

तू सांगून गेलतास का माई आई तुमच्याकडे राहीन, दवाखाना जवळ पडते. अम्मी म्हने राहू दे, माई पोरगी नाजिया बी तिथीच बाळंत झाली, दोघीचे पलंग बी लागून आहेत, एका चुलीवर दोघीचं रांधू. मंग तुई आई आली ना बाप्पा, डोक्यावर बोरी घेऊन. बोरीत तांदूळ, कुळीथ, लसनाच्या जुड्या, अन् खाली बुडाले तीन दगड. चुलीचे! मी म्हनलं, मावशी, आमच्या कुरखेड्यात दगड नाईत का? तर म्हने, आहेत, पन ते आमचे नाईत. बाळंतिनीचं अन्न आपल्या चुलीवरचं अन् आपल्याच घरच्या म्हाताऱ्या बाईच्या हातचं पायजे म्हने, दुसऱ्याची आग लागत नाई तिले. अम्मीनं कमरेवर हात ठेवून ऐकलं अन् म्हने, बराबर आहे ठमाबाई, आमच्यात बी तसंच आहे. (हे अम्मीनं जाग्यावर बनवलं. आमच्यात असं काईच नाई. नाजियाच्या पहिल्या खेपेले सारा मोहल्ला पातेले घेऊन येत होता अन् ते आम्हीच खात होतो.) तर आता आमच्या आंगनात दोन चुली. एकीकडे अम्मी हरीरा हलवून राह्यली, तूप, गूळ, खसखस, बदाम, सुंठ, वास असा का मेलेला मानूस उठून बसन. दुसरीकडे तुई आई तीन दगडावर कुळथाचं पानी अन् मऊ भात, त्यात लसून अन् मीठ नावाले. मिरची नाई, तेल नाई. दोघी एकमेकीकडे पाहून हासतात. अम्मी म्हनते, वा ठमाबाई, किती साधं. तुई आई म्हनते, वा सुलतानाबाई, किती तूप. असं हासत बोलनं ऐकलं का मी सायकल काढून बाहेर जातो.

डबे दोन्ही आमच्या घरचेच, एकाच दुकानातले, सारखे. म्हनून वळखाले फडके: नाजियाचा हिरव्या फडक्यात, सोमारीचा लाल चौकटीच्या. अन् नेनारा मी. आता बाळंतिनीचा डबा नेनं म्हंजे तुले वाटते सोपं आहे. तुई आई म्हने, डबा नेतानी रस्त्यानं बोलू नोको, अन्नाले वारं लागते. अम्मी म्हने, चिंचेखालून जाऊ नोको अन् खाली जमिनीवर ठेवू नोको. दवाखान्याच्या रस्त्याले तर सारे चिंचेचेच झाडं! मंग मी नाल्याकडून फिरून जातो, मुकाट. पहिल्या दिवशी पोस्टमन इचारे, अकरम, कुठी चालला? मी चूप. पानठेल्यावरचे इचारे, काऊन बे, दात काढला का? मी चूप. मंग सारे म्हनाले लागले का नूर मोहम्मद पंक्चरवाल्याचं पोरगं शिकलं नाई म्हनून त्यानं जबान बंद केली, मन्नत आहे. एका बुढीनं तर मले पाहून कपाळाले हात लावला. अब्बाच्या दुकानात लोकं येऊन सांत्वन करून गेले. अब्बा म्हने, कायमचं राहू दे असंच.

आता दवाखान्यातला कायदा ऐक, हा समजला तर बाकी सारं समजन. बाळंतीन जेवते तवा तिच्या ताटात कोनी पाहाचं नाई. नजर लागते, दूध आटते. याच्यावर मात्र अम्मी अन् तुई आई दोघीचं एकमत, एवढ्या एका गोष्टीवर. दोघी पायी-पायी मायामागून येतात, आपापल्या रंगाचा डबा घेतात, पोरीच्या हाती देतात, अन् पाठ करून बसतात. इकडे नाजिया ओढनी घेऊन भिंतीकडे तोंड करते, तिकडे सोमारी पदर घेऊन खिडकीकडे. मधात दोन म्हाताऱ्या पाठीले पाठ लावून, जशी कोन्या राजाची पहारेदारी. ताट खाली झालं का इचारतात, झालं का? त्या म्हनतात, झालं. बस. कोनं काय खाल्लं, अल्लाले माहीत.

अन् मले. कारन मी खिडकीबाहेर सायकल लावतो. तिथी एक कुत्रा राहते, कालपर्यंत त्याचे हाडं मोजता येत होते, तो एकदम चकचकीत झालता. मी म्हनलं हे काय, अन् पाहून राह्यलो तर वरून, खिडकीतून, घमेलंभर भात आला. मंग कुळीथ. तुया बायकोचं बाळंतपन त्या कुत्र्यानं केलं, कोल्या. इकडे नाजिया बी हरीरा पाहून डोळे पुसत होती. तिचं पोट साफ नव्हतं, टाके दुखत होते, अन् अम्मी वरून अजून तूप टाकत होती. मी डबे घ्याले आत गेलो तर तिनं गुपचूप वाटी मायापुढे सरकवली का खाऊन टाक. (मी खाल्ली. भावाचं कर्तव्य आहे.) अन् तिकडे नर्सबाईनं तुया पोरीले काट्यावर ठेवलं अन् तोंड वाकडं केलं. म्हने वजन भरल्याबिगर मी सुट्टी देनार नाई. तुई आई म्हने, मंग आम्ही बिगर सुट्टीचं जाऊ, घरी कोंबड्या वाट पाहून राह्यल्या, तिथी माया हातचं खाऊन भरन वजन. कुठून भरन? कुत्र्याचं भरलंतं.

मले अक्कल नाई असं सारे म्हनतात, पन एवढं समजलं. दवाखान्याच्या मागं पान्याची टाकी आहे, तिथी सायकल थांबवली. डबे खाली ठेवले नाई बरं, हँडललेच राहू देल्ले. हिरवं फडकं सोडलं ते लाल डब्याले बांधलं, अन् लाल हिरव्याले. बस, एवढंच केलं. सांगतो खरं, तवा मले पुण्यगिन्य काई सुचलं नव्हतं, फक्त पाहाचं होतं का काय मजा येते. अन् पहिल्या दिवशी तर एक पाय पायडलवर ठेवून उभा राह्यलो का आता ओरडते, आता ओरडते. कोनी ओरडलं नाई. नाजियानं ओढनीखाली कुळथाच्या पान्याचा असा भुरका मारला का अम्मी पाठ करूनच म्हने, पाह्यलं का, पोरीले मायच्या हातचंच गोड लागते. अन् सोमारीनं डबा बोटानं पुसून पुसून खाल्ला. कुत्रा खिडकीखाली उभा, वर पाहून राह्यला, काईच येत नाई. त्याचं तोंड मले अजून आठवते.

मंग रोजचंच झालं. दोघीयनं मायाकडे पाह्यलं, मी आकाशाकडे पाह्यलं, करार झाला. नाजियाचं पोट साफ झालं, सोमारीले दूध आलं, अन् तुई पोरगी काट्यावर अशी बसाले लागली जशी वजन कराचे पैसे देऊन आली. नर्सबाई खुश. म्हने, काय खाऊ घालता तुम्ही? इथी गडबड झाली. तुई आई साऱ्या वार्डाले सांगे, कुळीथ, आमचा डोंगरातला कुळीथ, त्यानंच दूध येते. अम्मी सांगे, हरीरा, त्यानं पोट कसं मख्खन होते. लोकायनं ऐकलं ना गा! दरवाजाजवळच्या पलंगावर एक मास्तरीनबाई होती, पोट गच्च झालेली. तिच्या सासूनं अम्मीपुढे हात जोडले का आमच्या सुनेले बी पाठवा. अम्मी तर हवेत. मोठा गंज भरून हरीरा, वरून तुपाचा थर. आता ती बाई पोट फुटून मेली असती तर? मी पान्याच्या टाकीमागं नाजियाच्या वाट्याचं अर्धं कुळीथ तिले ओतलं अन् तिचा हरीरा... तो कुठी गेला ते इचारू नोको. मी जाडा झालो अन् कुत्र्यासंगं मायी दोस्ती झाली, एवढंच समज.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. एक दिवस दुपारी अम्मी न्हायाले गेली तवा तुई आई मले हळूच बोलावते. म्हने, अकरम, ते सुलतानाबाईचं गोडगोड काय असते, वाटीभर आन, पाहू कसं लागते, तिले सांगू नोको. आनलं. तिनं खाल्लं, मान हलवली, म्हने काई खास नाई, अन् वाटी चाटली. त्याच संध्याकाळी अम्मी मले ओढून घरात नेते. म्हने, ठमाबाईच्या गंजातलं थोडं पानी घेऊन ये, माये गुडघे दुखून राह्यले, तिले बोलू नोको. आनलं. तिनं फुंकून फुंकून पेलं अन् म्हने, फिक्कं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतलं. मायाजवळ एवढे 'सांगू नोको' जमा झाले कोल्या, का दुकान टाकता आलं असतं.

अन् तिथीच माया घात झाला. दोघी एकमेकीच्या हाताच्या चवीले लागल्या, तर एक दिवस चुलीजवळ बसून त्यायनं ठरवलं का बापा, लय झाला हट्ट, आज मी तुया सुनेले खाऊ घालते, तू माया पोरीले घाल. बहिनी-बहिनी झाल्या. हरीऱ्याच्या डब्याले लाल फडकं बांधलं, कुळथाच्या डब्याले हिरवं. मले सांगतलं नाई! काऊन? तर याच्या पोटात काई राहत नाई म्हने. मले त्या दिवशी अशी सर्दी का वास बी आला नाई. मी आपला नेहमीसारखा टाकीमागं गेलो, फडके बदलवले, अन् शिट्टी वाजवत वार्डात शिरलो. म्हंजे समजलं का? त्यायनं उलटं केलेलं मी पुन्हा उलटं केलं. ज्याचं त्याले गेलं.

दोघी पाठ करून बसल्या, गालातल्या गालात हासत, का आता पोरी खुश होतीन. नाजियानं ओढनीखाली झाकन उघडलं अन् जी ओरडली, "अकऱ्या! आज अम्मीचा काऊन आनला बे? माया कुळीथ कुठी आहे?" अन् तुई सोमारी, जिचा आवाज मी आजपर्यंत पुरा ऐकला नव्हता, ती पदराखालून म्हनते, "भाऊ, माया बी चुकला." दोन्ही म्हाताऱ्या फिरल्या ना गरकन! नजर नाई, कायदा नाई, सरळ ताटात पाह्यलं. वार्डात सुई पडली असती तर ऐकू आली असती, पन तिच्या आधी अम्मीचा हात मायावर पडला. मी म्हनलं, सायकल पडली, फडके सुटले, बांधतानी चुकलो. अम्मीले पटलं. मानसाचं नाव खराब असलं का असा फायदा होते, त्यानं चूक केली हे कोनाले बी लवकर पटते.

तुया आईले पटलं नाई. घरी आली, तांदूळ निवडाले बसली, अन् खाली पाहूनच म्हने, "नाजियाबाई 'आज' म्हने. मंग काल काय होतं?" मी म्हनलं, काल बी चुकलो असन. म्हने, "अन् परवा?" मंग ती उठली अन् चुलीतला जाळ काढला, दगडावर पानी मारलं, अन् बोरी उघडली. म्हने, माया हातचं तिच्या पोटात गेलंच नाई तर मी इथी कायले बसली? उद्याच्या पहिल्या गाडीनं घेऊन जाते सून अन् नात. मले सुनेनंच फसवलं, परक्या पोराले काय बोलू. कोल्या, मी हासून राह्यलो होतो ते बंद झालं. नर्सबाईनं सकाळीच सांगतलंतं का अजून थोडं भरू द्या, आता गावाकडे थंडीत नेऊ नोका. अन् सोमारी तिकडं जाऊन पुन्हा खिडकी शोधन. तिन्ही दगड बोरीत गेले. मी बोरीवर जाऊन बसलो. म्हनलं, मावशी, सांगतो. अन् मी तिले काईतरी सांगतलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मंग मले उठवलं, दगड काढले, अन् चूल पुन्हा मांडली. तुई पोरगी दवाखान्यातच आहे. काल काटा पाहून नर्सबाई हासली.

इकडले बाकी सारे मजेत. अब्बाचा सलाम, अम्मीची दुआ. नाजियाचं पोरगं दिवसा झोपते अन् रात्री आमाले उठवते. तुया ड्रायव्हरले मायाकडून रामराम सांगजो, शिव्या सांगू नोको.

तुया,
अकरम

ता. क. – येत्या रविवारी तू येच. ड्रायव्हर थांबवत नसन तर नाक्याजवळ म्हन का चाकातून जळका वास येऊन राह्यला. तो उतरून पाहीन तवर तू दवाखान्यात पोचशील.

ता. क. दुसरा – तू म्हनशील का अकरमले कधी निबंधाच्या चार ओळी आल्या नाई, अन् आता एवढं लांबलचक कायले लिहून राह्यला. कारन तुई आई तुले इचारन. तवा तुले सारं तोंडपाठ पायजे: हरीऱ्यात काय पडते, कोनतं फडकं कोनाचं, टाकी कुठी, कुत्रा कोनता. बोरीवर बसून मी तिले काय सांगतलं ते आता ऐक. मी तुयं नाव घेतलं. म्हनलं, मावशी, मी आपल्या मनानं कायले करीन? कोलूनं सांगून ठेवलंतं मले, का सोमारीले कुळीथ लहानपनापासून जात नाई, आईले बोलली तर तिले वाईट वाटन, तर तू डबा बदलवून दे अन् कोनाले समजू देऊ नोको.

ता. क. तिसरा अन् आखरी – मले वाटलं ती तुले शिव्या देईन अन् मी वाचीन. तर ती रडली ना गा. अन् मंग दुसऱ्या दिवसापासून वार्डात जो भेटन त्याले सांगून राह्यली, माया पोरगा बांबूच्या गाडीवर राहून बायकोच्या ताटाचा इचार करते. नर्सबाईले सांगतलं, मास्तरीनबाईले सांगतलं, चक्कीवाल्याले तर थांबवून सांगतलं. आता हरीरा ती स्वतः हलवते, अम्मीजवळ बसून, तीन दगडावर. अन् सोमारीनं ऐकलं तवा खिडकीकडे तोंड करून बसली, जेवन समोर नव्हतं तरी. मी म्हनलं, काय झालं? म्हने, काई नाई. मंग पोरीच्या कानात काय तर बोलली अन् एकटीच हासली. आता दोन्ही वेळ जेवते, बिगर सांगतल्याचं. म्हनून गा कोल्या, हात जोडतो, पाया पडतो, म्हनशील तर दहावी बी पास होतो, पन हे तुयं काम नव्हतं हे कोनाले सांगू नोको. आईले नोको, अम्मीले नोको, दारूच्या नशेत ड्रायव्हरले बी नोको. अन् सोमारी स्वतः इचारन ना, का खरंच तुम्ही सांगतलंतं का, तर इकडंतिकडं पाहू नोको, हाव म्हन.